भैरूच्या दाताला पुरेल असं काहीतरी

भूमच्या बाजारात म्हशीचं दावं मिळतं, बैलाची झूल मिळते, सरकी पेंडीचं पोतं, दुधाची किटली, खव्याची लोखंडी कढई, सगळं मिळतं. मोठ्या कुत्र्याला निर्धास्तपणे चावायला देता येईल असं खेळणं मात्र मला मिळालं नाही. भूमला शोधलं, बार्शीला शोधलं, शेवटी पुण्याच्या नणंदेला कामाला लावलं. या शोधात जे कळत गेलं ते लिहून ठेवते आहे. आमच्या भागात शेतावर, गोठ्यावर राखणीला मोठं कुत्रं ठेवणारी घरं पुष्कळ आहेत, आणि ‘सगळं फाडून ठेवतंय’ म्हणून जन्मभर साखळीला बांधलेली कुत्रीही तितकीच आहेत.

आमचं घर गावाच्या कडेला, परंडा रस्त्यावर. मागे गोठा, गोठ्याला लागून खव्याची भट्टी. आमच्या कुत्र्याची, भैरूची, आई धनगराच्या वाड्यावरची, बाप बार्शीतला जर्मन शेफर्ड. नाव आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी ठेवलं. सोनारीचा भैरवनाथ हे आमचं कुलदैवत, आणि भैरवाचं वाहन कुत्रा. पिलू घरात आलं त्या दिवशी आत्यांनी त्याच्या कपाळाला भंडारा लावला, त्यामुळे पुढे त्यानं काहीही चावलं तरी त्याला घराबाहेर काढायचं कुणी बोललं नाही. पूर्ण वाढल्यावर पेंडीच्या काट्यावर तो अडतीस किलो भरला.

चावण्याची सुरुवात चपलांपासून झाली. मग म्हशीची दावी, खराटा, मोटारसायकलच्या सीटचं रेक्झिन, भट्टीजवळचं लाकडी पाटाचा कोपरा, गोठ्याच्या दाराची चौकट. आम्ही म्हटलं दात येताहेत, येऊन गेले की थांबेल. कुत्र्याच्या पिलाला अठ्ठावीस दुधाचे दात असतात. चौथ्या महिन्याच्या आसपास ते पडायला लागतात आणि सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत बेचाळीस पक्के दात येतात. त्या काळात हिरड्या शिवशिवतात हे खरंच. पण पक्के दात आल्यावर भैरूचं चावणं वाढलं. मळ्यातल्या ठिबकच्या नळ्या त्यानं ओळीनं फोडल्या तेव्हा मामांचा, माझ्या सासऱ्यांचा धीर सुटला. ऐन उन्हाळ्यात लिंबाच्या रोपांचं पाणी तुटलं होतं. त्यांनी बैलाची साखळी आणून भैरूला गोठ्याच्या खांबाला बांधलं.

साखळीला बांधल्यावर तो साखळी चावायला लागला. रात्रभर खळखळ आवाज यायचा. म्हशीच्या तपासणीला पशुवैद्यकीय डॉक्टर आले होते, त्यांना मी भैरूचं तोंड उघडून बघायला लावलं. त्यांनी वरचा ओठ अंगठ्यानं उचलला आणि सुळ्याची मागची बाजू मला दाखवली. तिथला पांढरा थर घासून आतला पिवळसर भाग उघडा पडला होता. लोखंड चावणाऱ्या कुत्र्यांचे सुळे असे मागून झिजतात, आणि पुढे कधीतरी कडकन मोडतात, असं ते म्हणाले. माणसाच्या दातावरचं कवच दोन-अडीच मिलिमीटरपर्यंत जाड असतं, कुत्र्याच्या दातावर ते एक मिलिमीटरही नसतं. एवढा मोठा जबडा, एवढी ताकद, आणि दातावरचं कवच इतकं पातळ. हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि खेळणं शोधताना पुढे सगळं याच एका गोष्टीपाशी येत राहिलं.

त्याच आठवड्यात मेंढरं घेऊन चाललेले एक ओळखीचे धनगरबाबा रस्त्याकडेला थांबले होते. भैरूची आई त्यांच्याच वाड्यावरची. त्यांच्या दोन कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे होते. लांडगा मानेलाच धरतो, म्हणून हा पट्टा. मी विचारलं, बाबा, तुमची कुत्री काही चावत नाहीत का हो? ते म्हणाले, “चावतेत की. पर त्येन्ला येळ कुठाय? दिसभर मेंढरामागं चालायचं, रातच्याला जागायचं. तुमच्या ह्येला काम काय हाय सांगा. बांधून ठिवल्यावर दुसरं करील काय त्ये?”

हे बोलणं मला डॉक्टरांच्या बोलण्याइतकंच महत्त्वाचं वाटलं. आमच्याकडच्या धनगरी कुत्र्यांना, लातूर-धाराशिवकडच्या कारवानी कुत्र्यांना पिढ्यान्‌पिढ्या काम होतं. कारवानी शिकारीमागे धावायचं, धनगरी कुत्रं कळप राखायचं. आता त्याच जातीची, त्याच हाडापेराची कुत्री आम्ही अंगणात आणली आणि कामाच्या जागी साखळी दिली. जबडा तर तसाच राहिला. त्याला काहीतरी लागणारच. तेव्हा मी ठरवलं, भैरूला साखळीतून सोडायचं, आणि त्याच्या दाताला पुरेल असं काहीतरी आणायचं.

पहिल्यांदा बार्शीहून पिवळा टेनिसचा चेंडू आणला. एका दुपारीत त्याची दोन शकलं झाली. चेंडूचं नुकसान किरकोळ आहे, पण त्यात दोन धोके असतात. फाटलेलं अर्धं शकल घशात बसू शकतं, आणि वरची लोकर मातीनं भरली की दात घासून घासून बोथट करते. लहान चेंडू तर मोठ्या कुत्र्याला देऊच नये. अडतीस किलोच्या कुत्र्याचा जबडा उघडतो तेव्हा क्रिकेटचा रबरी चेंडू सहज जिभेच्या मागे जातो. खेळणं निवडताना आपण आपल्या हाताच्या मापानं बघतो, बघायचं ते त्याच्या घशाच्या मापानं. पिळल्यावर ‘चूं’ करणारी बाहुली आणली, तिच्यातली शिट्टी त्यानं आधी काढली आणि ती गिळायच्या आत मी तोंडात हात घालून बाहेर ओढली. अशी वाजणारी खेळणी मोठ्या कुत्र्यासाठी नाहीतच.

मग आसपास मिळणारंच काहीतरी वापरून बघू असं यांना, माझ्या नवऱ्याला, वाटलं. पंक्चरच्या दुकानातून सायकलचा जुना टायर आणला. भैरू खूश झाला. पण टायरच्या कडेत तार असते, सायकलच्या आणि मोटारसायकलच्याही. रबर कुरतडून झाल्यावर ती तार उघडी पडली आणि हिरडीत घुसली. गाडीच्या टायरात तर कडेलाच नाही, आतही पोलादी तारांचं जाळं असतं. खेड्यापाड्यांत कुत्र्यापुढे टायर टाकलेला मी पुष्कळ ठिकाणी बघते, तेव्हा मुद्दाम थांबून सांगते. गोठ्यात म्हशींखाली अंथरायच्या काळ्या रबरी मॅटचा तुकडाही देऊन बघितला. ती मॅट बऱ्याचदा जुन्या रबराचा चुरा दाबून केलेली असते, तिचे खडे सुटतात. दुसऱ्या दिवशी भैरूच्या शेणात, म्हणजे विष्ठेत, तेच काळे खडे. तेही बंद केलं.

कापसाचा जाड दोर, दोन टोकांना गाठी असलेला, हा दुकानात सगळ्यात जास्त विकला जाणारा प्रकार. ओढाओढी खेळायला तो उत्तम आहे. मात्र दोराचं एक टोक आपल्या हातात असेल तरच. एकट्या कुत्र्यापुढे दोर टाकला की तो धागे सोडवतो आणि गिळतो. लांब धागा आतड्यात अडकला की आतडं त्याच्याभोवती गोळा होत जातं. शेजारच्या वस्तीवर एका कुत्र्याचं असंच झालं होतं, फक्त धाग्याऐवजी दाणे काढलेलं मक्याचं कणीस अडकलं होतं. चार दिवस ते उलट्या करत राहिलं, शेवटी पोट उघडून ते कणीस काढावं लागलं. आमच्याकडे मक्याचं कणीस आणि आंब्याची कोय या दोन गोष्टी कुत्र्यापुढे किती सहज टाकल्या जातात! दोन्ही पोटात विरघळत नाहीत आणि दोन्ही आतड्यात नेमक्या अडकतात.

हाडाबद्दल आमच्या घरी सगळ्यांचं एकच मत होतं, कुत्र्याला हाड नाही द्यायचं तर काय द्यायचं. आम्ही रविवारी मटण आणतो, त्यातल्या शिजलेल्या नळ्या भैरूच्या वाट्याला जायच्या. डॉक्टरांनी त्या बंद केल्या. शिजलेलं हाड ठिसूळ होतं आणि फुटताना त्याच्या सुईसारख्या टोकदार चिरफळ्या निघतात. मग कच्चं, मोठं, जाड हाड? त्यालाही ते नाही म्हणाले, पण कारण वेगळं होतं. कुत्र्याच्या वरच्या जबड्यातली चौथी उपदाढ आणि खालच्या जबड्यातली पहिली दाढ या दोन कात्रीच्या पात्यांसारख्या एकमेकींना घासून जातात. कठीण वस्तू चावायची असली की कुत्रं मान तिरपी करून ती नेमकी इथे घेतं. वस्तू दातापेक्षा कठीण असली की वरच्या उपदाढेची बाहेरची कपची उडते. शिंगाचे तुकडे, जनावराचे खूर, कडक नायलॉनची ‘कधीच न तुटणारी’ हाडं, दगड, या सगळ्यांनी हेच होतं. दात आतून उघडा पडतो, पू होतो, गाल सुजतो, आणि कुत्रं बहुतेक वेळा काही दाखवत नाही, खात राहतं.

तोपर्यंत मी दुकानात गेल्यावर ‘सगळ्यात कडक कोणतं आहे?’ असं विचारत असे. यानंतर विचारायची पद्धत बदलली. डॉक्टरांनी एक साधी परीक्षा सांगितली होती, ती मी आजही वापरते. खेळण्यावर अंगठ्याचं नख जोरात दाबायचं. नख थोडं रुतलं, खूण उमटली, तर दे. नखाला दगडासारखं लागलं तर ते परत ठेवून ये. दुसरी परीक्षा, ती वस्तू आपल्या गुडघ्यावर आपटून बघायची. कळ डोक्यात गेली तर ती कुत्र्याच्या दातासाठी नाही. टिकाऊपणा कडकपणात नसतो. दाबलं की दबणारं आणि सोडलं की पुन्हा मूळ आकाराला येणारं, तेच टिकतं.

याच सुमाराला पुण्याच्या नणंदेनं एक काळं, पोकळ, तीन गोळे एकावर एक रचल्यासारखं रबरी खेळणं पाठवलं. काँग असं त्याचं नाव. सोबत तिनं फोनवर त्याची गोष्ट सांगितली. अमेरिकेत कोलोराडोमध्ये ज्यो मार्कहॅम नावाच्या गृहस्थांकडे फ्रिट्झ नावाचा जर्मन शेफर्ड होता, पोलिसातून निवृत्त झालेला. तो दगड चावायचा आणि त्याचे दात झिजत चालले होते. मार्कहॅम आपली जुनी फोक्सवॅगन गाडी दुरुस्त करताना तिचे सुटे भाग बाजूला टाकत होते, त्यातला सस्पेन्शनचा एक रबरी भाग फ्रिट्झनं उचलला आणि दगड सोडून दिले. त्यावरून पुढे 1976 मध्ये हे खेळणं बाजारात आणण्याची सुरुवात झाली. इतक्या लांबचं, पन्नास वर्षांपूर्वीचं ते घर, आणि त्यांनाही आमच्यासारखाच घोर. ऐकून मला बरं वाटलं.

काँगच्या लाल रबरापेक्षा काळं रबर जास्त चिवट असतं. मोठ्या चावऱ्या कुत्र्याला काळंच घ्यावं, आणि माप वजनानुसार, दोन मापांत शंका असेल तर मोठं. तेव्हा किंमत दीड हजाराच्या आसपास होती. मामांनी ते हातात घेऊन फिरवून पाहिलं आणि म्हणाले, “एवढ्यात पेंडीचं पोतं आलं असतं की.” ते खरंच होतं. पण ठिबकच्या नळ्यांचं बिलही त्यांनीच भरलं होतं, त्यामुळे पुढे काही बोलले नाहीत.

नुसतं रिकामं दिलं तेव्हा भैरूनं ते हुंगलं आणि परत खराट्याकडे गेला. मग त्यात काय भरायचं हा प्रश्न आला. शहरातले लोक पीनट बटर भरतात. आमच्याकडे शिळी ज्वारीची भाकरी असते, ताक असतं, शेंगदाणे असतात. भाकरी कुस्करून ताज्या, आंबट नसलेल्या ताकात कालवायची, भाजलेल्या शेंगदाण्यांचा मूठभर बारीक कूट घालायचा. मीठ नाही, तिखट नाही, आणि लसूण-कांदा तर अजिबात नाही, कारण ते कुत्र्याला विषारी आहेत. हा काला खेळण्यात ठासून भरायचा, खालचं बारीक भोक मोकळं ठेवायचं आणि रात्री फ्रीजरमध्ये ठेवायचं.

सकाळी ते दिल्यावर भैरू जे करतो ते बघण्यासारखं असतं. तो लिंबाखाली जातो, बसकण मारतो, दोन्ही पुढच्या पंजांत ते उभं धरतो. आधी रुंद तोंडाकडून जीभ घालतो. बर्फ झालेला काला निघत नाही, म्हणून मान तिरपी करून मागच्या दाढांत रबर दाबतो. रबर दबतं, आतला गोळा अर्धा इंच वर येतो, तो चाटून घेतो. मग पंजातून सोडून देतो. त्याचा आकार असा की ते सरळ उडत नाही, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. भैरू उठतो, धरतो, परत बसतो. कान मागे, डोळे अर्धे मिटलेले, शेपटी मातीत हळूहळू फिरते. भट्टीवर कढईतलं दूध आटून खवा व्हायला जितका वेळ लागतो, जवळजवळ तितका वेळ हे चालतं. संपल्यावर तो तिथेच आडवा होतो आणि झोपतो. साखळीवर असताना तो असा शांत झोपलेला मी कधी पाहिला नव्हता.

नणंदेनं दुसऱ्या खेपेला हिमालयाकडची छुरपी पाठवली. याक आणि गाईच्या दुधापासून केलेला, वाळवून कडक केलेला तो पिवळट दांडा. आत्यांचं आयुष्य खव्यात गेलेलं. त्यांनी तो ओट्यावर ठोकून पाहिला, वास घेतला, म्हणाल्या, “ह्यो तर वाळलेला खवाच हाय.” खवा नाही तो. खवा दूध आटवून होतो, म्हशीच्या साडेचार-पाच लिटर दुधाचा किलोभर. छुरपीत दूध नासवून त्याचा चोथा दाबून महिनोन्‌महिने वाळवतात. पण दुधाच्या गावात दुधाचंच खेळणं आलेलं पाहून आत्यांना मनापासून आनंद झाला, आणि त्या नेपाळकडच्या बायका ते कसं वाळवत असतील, किती दिवस ठेवत असतील, हे त्या कितीतरी वेळ विचारत राहिल्या. छुरपीत वाईट काही नसतं, चावून चावून ती हळूहळू मऊ होते. लहान कुत्र्याला, सावकाश चाटत बसणाऱ्या कुत्र्याला ती चांगली. भैरूसारखा जोर लावणारा असेल तर मात्र नखाच्या परीक्षेत ती बसत नाही. आम्ही ती गावातल्या एका म्हाताऱ्या पॉमेरेनियनला दिली.

खेळण्यापेक्षा स्वस्त आणि तितकाच चांगला एक उपाय घरातच निघाला. कडब्याच्या पेंढीत, पालापाचोळ्याच्या ढिगात भाकरीचे तुकडे लपवून ठेवायचे आणि भैरूला सोडायचं. तो नाकानं एकेक तुकडा शोधतो. नाकाचं काम कुत्र्याला पायाच्या कामाइतकंच दमवतं. सकाळी हे त्याला मळ्यापर्यंत चालवत नेतात, संध्याकाळी मी. या दोन फेऱ्यांमुळे ठिबकच्या नळ्या जितक्या वाचल्या, तितक्या खेळण्यामुळे वाचल्या नसत्या असं माझं स्पष्ट मत आहे. चालवलं नाही आणि दहा खेळणी आणून टाकली, तरी तो अकरावी वस्तू म्हणून तुमची चप्पलच उचलणार. त्या धनगरबाबांनी सांगितलं होतं ते हेच.

आणि जगात न तुटणारं खेळणं नसतं. काळं रबरसुद्धा कधीतरी कडेनं कुरतडलं जातं. तुकडा सुटायला लागला की त्याच दिवशी ते फेकायचं, पैसे कितीही गेलेले असोत. आठवड्यातून एकदा मी ते उन्हात धरून चिरा बघते, आतून बाटलीच्या ब्रशनं घासते, कारण ताकाचा काला राहिला तर उन्हाळ्यात एका दिवसात त्याला बुरशी धरते.

भूम, परंडा, वाशीकडच्या पशुखाद्याच्या दुकानदारांना माझी एक विनंती आहे. पेंडीच्या पोत्यांच्या शेजारी, पट्टे आणि साखळ्या टांगलेल्या असतात तिथेच, मोठ्या मापाची दोन-चार चिवट रबराची खेळणी आणून ठेवा. गिऱ्हाईक विचारत नाही, कारण अशी वस्तू असते हेच त्याला माहीत नसतं. आणि कुत्र्यासाठी साखळी मागायला कुणी आलं, तर साखळी देण्याआधी ते खेळणं त्याच्या हातात द्या आणि त्याला नख दाबून बघायला सांगा.